फुलांत उभं राहून काढलेला फोटो

मागच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आपल्या मराठी मंडळाच्या ऑगस्टमधल्या सहलीचा फोटो आहे. मागे माउंट रेनियर, पुढे निळ्या ल्युपिनची आणि लाल पेंटब्रशची फुलं, आणि त्यांच्या अगदी मधोमध हात उंचावून उभी असलेली आपली माणसं. फोटो फार छान आलाय, असं सगळेच म्हणाले. मला वाटतं, तो छापायला नको होता. त्याच्याही आधी, तो काढायलाच नको होता.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी सांगते. शिनूक खिंडीत, साधारण 5,400 फुटांवर, टिपसू तळ्यापाशी गाड्या लावून आपण नॅचीज पीकला वळसा घालणारी वाट धरली. साडेतीन मैलांची सोपी वाट आहे, लहान मुलंही हसत चालतात. वाटेत एक छोटं तळं लागतं. तिथून पुढे वळलं की समोर रेनियर उभा राहतो, आणि दोन्ही बाजूंचा उतार फुलांनी भरलेला असतो. तिथे कोणीतरी म्हणालं, "इथेच ग्रुप फोटो!" वाटेवर सगळे मावेनात, म्हणून सगळे उतारावर उतरले. मागच्यांना दिसेना म्हणून अजून आत गेले. मग कुटुंबाकुटुंबांचे वेगळे फोटो झाले, बायकांचा वेगळा, ढोलपथकाचा वेगळा. मी आणि माझी मुलगी वाटेवरच थांबलो होतो. वाटेवरून उतरू नका, अशी पाटी जवळच होती. मुलीने ती वाचली आणि मला विचारलं, "आई, काका-काकूंना इंग्रजी येत नाही का?"

काय उत्तर देणार? त्यातले निम्मे काका दिवसभर इंग्रजीतच मीटिंगा घेतात.

"अहो, गवतच आहे, परत उगवेल," असं तिथे मला सांगण्यात आलं. सगळा वाद या एका वाक्यापाशी आहे. ते परत उगवत नाही, निदान आपल्या हयातीत त्याची खात्री नाही. रेनियरच्या दक्षिण अंगाला पॅराडाइज नावाची जागा आहे, उंचीला जवळपास तेवढीच. 1971-72 च्या हिवाळ्यात तिथे 1,122 इंच बर्फ पडलं. हा विक्रमी आकडा झाला, पण एरवीही या उंचीवर जुलैपर्यंत बर्फ हटत नाही आणि ऑक्टोबरात पुन्हा पडायला लागतं. पान फुटणं, फूल येणं, बी धरणं आणि पुढच्या वर्षासाठी मुळात अन्न साठवणं, हे सगळं झाडाला दोन-तीन महिन्यांत उरकावं लागतं. अ‍ॅव्हलांच लिलीला तर बीपासून पहिलं फूल येईपर्यंत कित्येक वर्षं जातात. ऑगस्टमध्ये देठ मोडला की त्या झाडाचं ते वर्ष संपलं.

आणि एक झाड मोडलं म्हणजे एकच मोडलं, असंही नाही. ल्युपिन आपल्या कडधान्यांच्या कुळातलं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र पुरवणारं. त्याच्या शेजारचा लाल पेंटब्रश आपली मुळं शेजाऱ्यांच्या मुळांत घालून तिथून रस घेतो. वर दोन वेगळी फुलं दिसतात, खाली त्यांचा संसार एक असतो. पावलांनी माती दाबली गेली की पाणी आत मुरत नाही. पुढच्या जुलैत वितळणाऱ्या बर्फाचं पाणी त्या दबलेल्या पट्ट्यातून वाहतं, हलकी राखेची माती घेऊन जातं आणि तिथे चर पडतो. मग चरातून चालायला नको म्हणून पुढचा माणूस बाजूच्या फुलांवरून चालतो. एका वाटेच्या तीन वाटा अशा होतात.

हे मी मनचं सांगत नाही. रेनियरच्या राष्ट्रीय उद्यानाने स्वतःच ते भोगलं आहे. 1931 मध्ये पॅराडाइजच्या कुरणात गोल्फचं मैदान केलं होतं. त्याच सुमाराला उद्यानातल्याच सनराइज या जागी दोनशेच्या वर केबिन उभ्या राहिल्या. लोक थेट कुरणात गाड्या घालून तंबू ठोकत. मैदान थोड्याच काळात बंद पडलं, केबिन 1940 च्या दशकात हलवल्या, पण त्या जागा भरून यायला कित्येक दशकं लागली आणि काम अजून चालूच आहे. उद्यानाची माणसं त्याच कुरणातलं बी गोळा करतात, काचघरात रोपं वाढवतात आणि ती पुन्हा डोंगरावर नेऊन एक-एक करून लावतात. फोटोसाठी सगळे जिथे उभे राहिले, तिथे हातभर जागेत किती रोपं होती, कोणी पाहिलं?

आणि आपण कासवाले! मंडळात निम्मी माणसं पुणे-साताऱ्याकडची आहेत. कासचं पठार 2012 मध्ये जागतिक वारसा झालं तेव्हा आपणच एकमेकांना फोटो पाठवले होते. तिथेही हेच आहे. जांभ्या खडकावर बोटभर माती, तिच्यावर पावसाळ्याच्या शेवटी तेरडा, गेंद, सीतेची आसवं, आणि लोळून फोटो काढणारी गर्दी. अखेर तिकीट आणि आगाऊ नोंदणी आली, आणि गावच्या माणसांना पहाऱ्याला उभं राहावं लागलं. तेव्हा गावाकडून बातम्या आल्या की आपण इथे बसून हळहळायचो, "लोकांना काही शिस्तच नाही." ते लोक म्हणजे कोण मग?

माझ्या घरात तर हे कोणाला शिकवावंही लागलं नाही. वडील कोकणातले, भाताची लावणी झाली की आम्हा पोरांना बांधावरूनच चालायला लावायचे. पाय चिखलात गेला तर ओरडा बसायचा, कारण त्या पावलाखाली चार माणसांचं जेवण असायचं. सासूबाई तिन्हीसांजेनंतर तुळशीचं पान खुडू देत नाहीत. नवरा देवधर्मातला नाही, पण तोही ट्रेकला खिशात पिशवी ठेवून दुसऱ्यांचा कचरा उचलत चालतो. या तिघांची कारणं वेगळी, वागणं एकच. असे वडील आणि अशा सासवा तुमच्याही घरी आहेत, हे मला माहीत आहे. मग साठ माणसं एकत्र आली की घरची सवय कुठे जाते? एकटा माणूस पाटी पाहून थांबतो. साठ जण असले की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे उतरलेत म्हणजे चालत असणार. मुलं मात्र आपल्याकडे पाहत असतात. शाळेत त्यांना वाटेवरूनच चालायला शिकवतात आणि मंडळाबरोबर आली की तेच मोडायला. पुढे ती मंडळात यायची बंद झाली की आपणच म्हणतो, मुलांना आपल्या माणसांची ओढ नाही.

माझा सूर तिखट लागला असेल तर माफ करा. कार्यकारिणीने महिनाभर राबून सहल आखली, पहाटे चार वाजता उठून कोणी पोह्यांची पातेली भरली, हे मला ठाऊक आहे आणि त्याची किंमतही ठाऊक आहे. इतक्या लांब येऊन डोंगरावर मराठी ऐकू आलं की मलाही भरून येतं. म्हणूनच तर हे लिहायला बसले. परक्यांनी केलं असतं तर मान फिरवून पुढे गेले असते.

बाकीच्या गोष्टींवर वेगळं लिहिता येईल. स्पीकरवर गाणी लावून चालणं, मला ते मुळीच पटत नाही. चिपमंकला चिवडा घालणं, ते तर नियमाने बंद आहे. एक कुत्राही सोबत होता, आणि त्या वळशाच्या उद्यानातल्या भागात कुत्र्याला परवानगी नाही.

पुढच्या वर्षी तीन गोष्टी करा एवढीच विनंती. साठ जणांना एकदम सोडण्याऐवजी दहा-बारा जणांचे गट अर्ध्या-अर्ध्या तासाने निघू देत. सर्वांचा फोटो गाडीतळावर काढू, रेनियर दिसला नाही तरी माणसं दिसतील. तिसरी गोष्ट माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिली आहे. गुडघे दुखतात म्हणून भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आपण गाडीत बसवून ठेवलं. टिपसू तळ्याच्या काठाने जवळजवळ सपाट पायवाट आहे आणि फुलं थेट पाण्यापर्यंत आलेली असतात. काठी टेकत, हवं तिथे थांबत त्यांना तासाभरात तो फेरा सहज झाला असता, फक्त सोबतीला कोणीतरी हवं होतं. पुढच्या वर्षी ते काम मी करीन. माझं नाव आत्ताच लिहून ठेवा, आणि आणखी दोघं-तिघं पुढे आली तर बरं होईल.