सुई, डमरू आणि संगणक

घरात आलेला पहिला संगणक आणि इंटरनेटशी झालेली पहिली ओळख यांच्या आठवणी अलीकडे मोठ्या हौसेने सांगितल्या जातात. मोडेमचा किर्र आवाज, दूरध्वनी गुंतल्यामुळे घरात होणारी कुरबुर, पडद्यावर वरून खाली ओळीओळीने उलगडणारे छायाचित्र, हे सारे त्या आठवणींत हमखास असते. आठवणी गोड आहेत. पण त्या सांगणारा वर्ग फार लहान आहे. ज्यांच्या घरी दूरध्वनी होता, ज्यांना इंग्रजी वाचता येत होते आणि ज्यांच्या खिशात चार पैसे अधिक होते, त्यांचीच ती कहाणी. बाकीच्यांची आठवण वेगळी आहे आणि खरे पाहता तीच अधिक विचार करण्याजोगी आहे.

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी १९८६ पासून काही शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था 'अर्नेट' या जाळ्याने जोडल्या गेल्या होत्या. परंतु रस्त्यावरच्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांतून ही सेवा खुली केली. वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. म्हणजे सारे सुरळीत चालले तरी शंभर किलोबाइटचे एक लहानसे छायाचित्र उतरायला जवळजवळ दीड मिनिट लागे. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणाऱ्या खात्यावर चित्रे दिसतच नसत; काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटत. शिवाय जोडणीसाठी दूरध्वनी हवा, आणि दूरध्वनीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ नुकताच सरत होता. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, तेव्हा कुठे दर उतरू लागले.

संगणक मात्र इंटरनेटच्या आधीच आला होता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या योजनेखाली देशातील सुमारे २५० शाळांत 'बीबीसी मायक्रो' हे यंत्र पोहोचले. त्या खोल्यांचे वर्णन त्या वेळचे विद्यार्थी आजही करतात. खोली वातानुकूलित, दाराशी चपला काढून ठेवायच्या, यंत्रावर कापडाचे आवरण, आणि किल्ली बहुधा मुख्याध्यापकांकडे. देवघरात शिरावे तसे संगणकाच्या खोलीत शिरायचे. धूळ यंत्राला बाधते हे खरे. पण या सोवळ्याने विद्यार्थ्याच्या मनावर जो संस्कार केला तो धुळीपेक्षाही घातक ठरला. ही वस्तू आपल्या हाताची नाही, चूक झाली तर भरून द्यावी लागेल, हे भय तिथे रुजले. संगणकासमोर बसल्यावर आजही अनेक प्रौढ माणसांची बोटे कळफलकावर टेकण्यापूर्वी क्षणभर थबकतात, त्याचे मूळ अशाच बंद खोल्यांत शोधावे लागेल.

याच्या अगदी उलट स्वभावाचे एक यंत्र त्याच दशकाच्या उत्तरार्धात काही मध्यमवर्गीय घरांत आले. 'स्पेक्ट्रम' हा इंग्लंडमध्ये जन्मलेला छोटा संगणक पुण्यातील 'डेसिबेल्स' या कंपनीने भारतात विकायला आणला. तो घरातल्या दूरदर्शन संचाला जोडायचा, आणि कार्यक्रम साठवायला गाण्यांची साधी कॅसेट वापरायची. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्राला त्याच्या कितीतरी पट जागा लागते. परंतु त्याची एक खुबी होती. सुरू केल्यावर तो कोणतेही दुकान मांडून बसत नसे. आज्ञेची वाट पाहत थांबे. बेसिक भाषेत दोन ओळी लिहिल्या, की तो त्याप्रमाणे करून दाखवी. चुकले तर कुठे चुकले तेही सांगे, आणि तोडमोड काही होत नसे. संगणक म्हणजे आपण सांगू ते करणारे यंत्र, ही समज त्या पिढीतल्या काही मुलांना अशा खेळण्यातून आली. आज हातोहाती असलेला भ्रमणध्वनी त्याच्या हजारो पटींनी समर्थ आहे. पण तो वापरणाऱ्याकडून आज्ञेपेक्षा निवडीचीच अपेक्षा अधिक करतो. हे पाहा, ते विकत घ्या, इथे बोट ठेवा. यात सोय पुष्कळ झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

शाळा आणि घर या दोन्ही ठिकाणी ज्यांना संगणक मिळाला नाही, त्यांची शाळा म्हणजे सायबर कॅफे. एसटीडी-आयएसडीच्या पिवळ्या पाट्या लावलेल्या दुकानांतच एका कोपऱ्यात दोन-तीन संगणक मांडले गेले आणि इंदूरपासून बेळगावपर्यंत गावोगावी हा धंदा पसरला. सुरुवातीला तासाचे पन्नास-साठ रुपये पडत. पुढे स्पर्धेने दर दहा-पंधरावर आले. या दुकानांची बदनामी पुष्कळ झाली आणि ती सगळीच अकारण नव्हती. पडदे लावलेल्या अरुंद खणांमुळे मुली आणि बायका तिकडे फिरकत नसत, आणि एखादी गेलीच तर घरी चार प्रश्नांना तोंड द्यावे लागे. संगणकाच्या शिक्षणात स्त्रिया मागे राहिल्या याचे खापर त्यांच्या आवडीनिवडीवर फोडणाऱ्यांनी त्या खणांची रुंदी एकदा आठवावी.

तरीही सायबर कॅफेने एक मोठे काम केले. तिथे शेजारच्याला विचारता येत असे. "अहो, हे पत्र पाठवायचं कसं?" असा प्रश्न विचारणारा साठीचा गृहस्थ आणि त्याला खुर्ची ओढून समजावणारा अठरा वर्षांचा मुलगा हे दृश्य तिथे नवलाचे नव्हते. परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र छापून घेणारी आई, दहावीचा निकाल पाहायला जमलेली मुले, २००२ नंतर रेल्वेचे तिकीट संगणकावरून काढून पाहणारा धाडसी प्रवासी, या सर्वांना शिकवणारा एकच गुरुजी असे: दुकान सांभाळणारा पोरगा. त्याच्याकडे प्रमाणपत्र असेलच असे नव्हते. पण त्याला धीर होता, आणि प्रौढ माणसाला शिकवताना मुख्य लागतो तो धीरच. आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला, त्यामुळे खासगीपण मिळाले. मात्र अडल्यावर विचारायचे कुणाला, हा प्रश्न अनेक वडीलधाऱ्यांपुढे नव्याने उभा राहिला. घरातली मुले फोन हातातून घेऊन काम करून देतात, शिकवत नाहीत.

या साऱ्यापेक्षा मोठी अडचण होती ती भाषेची. पहिल्या दशकात मराठी माणसाने संगणकावर जे मराठी लिहिले ते बहुतांशी रोमन अक्षरांत. आईला लिहिलेले पत्रही इंग्रजी अक्षरांच्या चड्डी-सदऱ्यात जाई. तेव्हा 'संगणकाची भाषाच इंग्रजी' असा समज पसरला आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, हा निष्कर्ष आपोआप निघाला. वास्तविक संगणकाला इंग्रजीही कळत नाही. त्याला कळतात ते आकडे. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे, हे माणसांनी ठरवायचे असते. रोमन लिपीसाठी ते आधी ठरले, देवनागरीसाठी उशिरा.

ते ठरवणारी माणसे आपल्याकडेच होती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर जे काम सुरू झाले, ते पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरले आणि सर्व भारतीय लिप्यांना सारखाच चालणारा इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान होते. म्हणजे नियम वेळेवर झाले होते. पाळणारे उशिरा आले. मधल्या काळात ज्याने त्याने आपापला फॉन्ट काढला. मराठी दैनिके इंटरनेटवर दिसू लागली, पण ती वाचायला त्या त्या दैनिकाचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतील वर्तमानपत्र सकाळीच घरबसल्या मिळण्याची सोय झाली खरी. फॉन्ट नसेल तर मात्र त्याच्यापुढे निरर्थक चिन्हांची रांगोळी उमटे.

२००० साली आलेल्या विंडोजमध्ये 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आयताच मिळू लागला. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी. मराठीतील कवी आणि सुलेखनकार असलेल्या या माणसाने बोरूने गिरवलेल्या अक्षराची समज संगणकाच्या ठिपक्यांत उतरवली. मराठी वाचक दररोज त्यांचे अक्षर वाचत राहिला आणि त्यातल्या फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक झाले. मराठीच्या स्वतःच्या गरजाही होत्या. 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला आडवा रकार, किंवा 'ळ' चे आपले वळण, यांकडे हिंदीच्या सवयीने बनलेल्या फॉन्टांत पुरेसे लक्ष नसे. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. 'ॲप' हा शब्द आज खेड्यापाड्यांत बोलला जातो. तो मराठीत धड लिहिण्यासाठीही कुणाला तरी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या.

भाषेविषयीची एक हकीकत मात्र या सगळ्या मानकांहून बोलकी आहे. जानेवारी १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात एका झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला आणि तो मुलांना मोकळा सोडला. शिक्षक नाही, सूचना नाहीत. इंग्रजी न येणारी ती मुले थोड्याच दिवसांत यंत्र चालवू लागली. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला त्यांनी नाव दिले 'सुई', आणि काम चालू असल्याची खूण म्हणून दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. पारिभाषिक शब्दांच्या समित्यांना जे वर्षानुवर्षे साधत नाही ते या मुलांनी खेळता खेळता साधले. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे संगणक बसवले गेले. या प्रयोगावर टीकाही झाली आणि ती रास्त होती: काही ठिकाणी यंत्रे बंद पडली, दांडगे मुलगे पुढे आणि मुली मागे असे घडले, खेळापलीकडे शिक्षण किती झाले याविषयी मतभेद राहिले. शिक्षकाशिवाय सारे जमते असा अर्थ त्यातून काढणे हा उतावीळपणाच. पण इंग्रजी आल्याशिवाय संगणक येत नाही, हे म्हणणे त्या भिंतीने खोटे पाडले.

प्रौढांच्या बाबतीत वारणेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कोल्हापूर-सांगली परिसरातील वारणा सहकारी समूहाच्या क्षेत्रात १९९८ मध्ये सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याची योजना सुरू झाली. शेतकऱ्यांना जगभरची माहिती मिळेल अशी मोठी भाषा तेव्हा बोलली गेली. प्रत्यक्षात ऊस उत्पादकाला हवी होती ती आपल्या उसाच्या वजनाची पावती, तोडणीची परवानगी, खताचा हिशेब आणि बिलाची रक्कम. पूर्वी यासाठी कारखान्यावर खेटे घालावे लागत, ते वाचले. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत हेच काम भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी करून पाहिले गेले, आणि तेही चालले. कुणी याला योजनेचे अपयश म्हणतात. परंतु त्या शेतकऱ्याला काय हवे ते पक्के ठाऊक होते. योजना आखणाऱ्यांनीच त्याच्या वतीने भलते काही मागितले होते.

पहिल्या दिवसांतील मराठीचे पुढे काय झाले, हेही पाहायला हवे. ग्रामपंचायतींचे ठराव, लहान संस्थांचे अहवाल, हौशी लेखकांच्या कथा, घराण्यांच्या वंशावळी असे कितीतरी त्या काळी 'शिवाजी', 'शुषा', 'श्रीलिपी' अशा नाना फॉन्टांत टंकून ठेवले गेले. आज ती फाइल उघडली तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. मजकूर हरवलेला नसतो, फक्त त्याची किल्ली हरवलेली असते. रूपांतर करून देणारी साधने उपलब्ध आहेत, मात्र त्यांना आधी फॉन्टचे नाव सांगावे लागते. ते नाव बहुधा कुठेच नोंदलेले नसते. तेव्हा मजकूर कुणी टंकला होता याची गावात चौकशी करावी लागते, आणि ती माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत.