घरचीं यंत्रें : मोटारींतील गारवा जातो कोठें ?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक प्रसंग ओढवला. तो वाचकांस सांगावा कीं न सांगावा, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों. कारण त्यांत दोष सर्वस्वी आमचाच आहे. परंतु आमची चूक ऐकून दुसऱ्या एखाद्या घरीं सावधपणा आला, तर तो लाभ थोडा नव्हे.

आमच्या तीर्थरूपांनीं १९९० सालीं कॉन्टेसा मोटार घेतली. त्या मोटारी निघणें २००२ सालीं बंद झालें, तीर्थरूपही आतां नाहींत. पण मोटार कुडाळास आमच्या घरच्या मांगरांत उभी असते आणि उत्तम चालते. मातोश्रींचें वय आतां एक्याऐंशीं. त्यांस दर महिन्यास पणजीस वैद्यांकडे न्यावें लागतें, आणि त्या या मोटारीवांचून दुसऱ्या वाहनांत बसावयास राजी नसतात. त्या दिवशीं भर दुपारीं परततांना थंड हवेचें यंत्र ऊन वारा टाकूं लागलें. आमच्या किनाऱ्याकडे उन्हापेक्षां हवेंतील ओलच माणसास अधिक बाधते. घाम येतो, पण वाळत नाहीं. बांद्यापाशीं मातोश्रींस भोंवळ आली. झाडाखालीं मोटार थांबवून त्यांच्या डोळ्यांस पाणी लावतांना आम्हांस भय वाटलें, आणि भयाहून लाज अधिक वाटली. कारण माघापासून या यंत्रांत आम्हीं दोनदां गॅस भरून घेतला होता, आणि आधींचा गॅस गेला कोठें, हें एकदांही विचारलें नव्हतें.

घरीं आल्यावर धाकट्या बंधूंनीं मोटार विकण्याची गोष्ट काढली. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “विकायची तर विका. मग माझें पणजीस जाणेंही संपलें असें समजा.” तेव्हां हें यंत्र मुळापासून समजून घेणें आम्हांस प्राप्तच झालें.

याचें मर्म मातीच्या घागरींत आहे. घागरीच्या अंगावरील पाण्याची वाफ होतांना घागर गार होते. तसाच मोटारींतील कूलिंग कॉइलमध्यें द्रवाचा वायु होतांना गॅस आंतील हवेची उष्णता उचलतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा काँप्रेसर तो वायु दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा पुन्हां द्रव करतो. ड्रायर त्यांतील ओल शोषतो. आणि एक्स्पॅन्शन व्हॉल्व्ह तो बेताबेतानें कॉइलमध्यें सोडतो. असा तोच गॅस फिरत राहतो. पेट्रोल जळून संपतें, तसा हा संपत नाहीं. अखेर ज्या कारागिरास आम्हीं मोटार दाखविली, त्यानें हेंच एका वाक्यांत सांगितलें : “काकानू, गॅस आटाक ता काय बांयचा पाणी नाय. खंयतरी वाट गावली म्हणान जाता.”

तथापि गारवा नाहीं म्हणजे गॅसच नाहीं, असेंही नव्हे. कारागिराकडे जाण्यापूर्वीं गृहस्थानें घरींच पाहण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. वारा गार पण मंद असेल, तर दोष पंख्याचा किंवा कॉइलवर बसलेल्या कचऱ्याचा. वारा जोराचा पण ऊन असेल, तर बॉनेट उघडून दुसऱ्याकडून बटण दाबवावें, हात व पदर मात्र दूर ठेवावे. ‘टक्’ असा आवाज होऊन काँप्रेसरच्या तोंडची चकती फिरूं लागली पाहिजे. ती न फिरल्यास फ्यूज व तार पाहावी. तीं ठीक असतील तर गॅस कमी झाल्यामुळें दाबाचा स्विच वीज तोडीत असण्याचा संभव आहे. पट्टा किंचाळत असेल तर तो सैल आहे. चालत्या मोटारींत गारवा, पण बाजारांत थांबतांच उष्मा, असें झालें तर कंडेन्सरचा पंखा बंद आहे, किंवा त्याच्या जाळीवर आपल्याकडील तांबडी माती व पालापाचोळा बसला आहे; तो हलक्या धारेनें धुवावा. आरंभीं गारवा येऊन मग वारा कोंडतो, आणि घटकाभर बंद ठेवल्यावर पुन्हां सुरू होतो, तर कॉइलवर बर्फ धरत आहे. मोटारीखालीं पाणी ठिबकतें हा दोष नव्हे, ती हवेंतील ओलच होय. तें पाणी आंत पायांपाशीं साठूं लागलें, तर मात्र निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आमच्या मोटारींत चकती फिरत होती, पण ड्रायरच्या माथ्यावरील कांचेंतून बुडबुडे दिसत होते. म्हणजे गॅस कमी होता. गॅसबरोबर तेलही बाहेर येतें, म्हणून तेलकट डाग हीच गळतीची खूण. तो डाग काँप्रेसरच्या दांड्याशीं सांपडला. तेथील सील सुकून गेलें होतें, आणि तें आमच्या काटकसरीनें सुकलें. पावसाळ्यांत गारवा कशाला, म्हणून ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत आम्ही तें बटण दाबीत नसूं. यंत्र फिरलें नाहीं म्हणजे सिलापर्यंत तेल पोंचत नाहीं.

जुन्या मोटारीची आणखी एक अडचण असते. १९४० सालच्या पॅकार्ड मोटारींत हें यंत्र प्रथम आलें, तेव्हां तें बंद करावयाचें तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे. तेव्हांपासून अर्धशतक मोटारींत आर-१२ हा गॅस चाले. त्याच्या वर्गांतील द्रव्यें आकाशांतील ओझोनच्या कवचास खातात, हें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दाखविलें. १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला, १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला, आणि तो गॅस हळूहळू बंद झाला. पुढें मोटारींत आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं, पण पृथ्वीचा उष्मा वाढविण्यांत तो कर्बवायूच्या हजारपटीहून अधिक आहे. तेव्हां गळत्या यंत्रांत पुनःपुन्हां गॅस भरणें हा केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. शिवाय जुन्या गॅसचें तेल नव्या गॅसमध्यें मिसळत नाहीं. म्हणून गॅस बदलतांना योग्य तेल, नवीं रबरी कडीं व नवा ड्रायर घालून घ्यावा. भरण्यापूर्वीं पंपानें सर्व हवा काढून निर्वात करणें आवश्यक. कोंकणच्या दमट हवेंत तर ही पायरी कदापि गाळूं देऊं नये. नळ्या मात्र घरीं सोडूं नयेत. उसळलेल्या गॅसनें डोळा जाऊं शकतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणें म्हणजे तर माणसें बसतात तेथें आग नेऊन ठेवणें होय.

आम्हीं हें सर्व करून घेतलें. दोन वेळच्या भरणीपेक्षां खर्च अधिक आला, हें कबूल करतों. परंतु ज्येष्ठांत पुन्हां पणजीस जातांना झारापच्या पुढें मातोश्रींस डोळा लागला, तो म्हापसें येईपर्यंत उघडला नाहीं. आतां भर पावसांतही दर रविवारीं इंजिन सुरू करून दहा मिनिटें तें बटण आम्ही न चुकतां दाबतों. तीर्थरूपांची मोटार जपावयाची म्हणून ती झांकून ठेवण्यांत आम्ही धन्यता मानीत होतों. वापरांत ठेवणें हेंच यंत्राचें जपणें, हें कळावयास मातोश्रींची भोंवळ लागली, एवढेंच वाईट वाटतें.