अपील म्हणजे दयेची याचना नव्हे

कवठे महांकाळचा एखादा इसम सांगलीच्या सत्र न्यायालयात दोषी ठरला, तर उच्च न्यायालयातील अपिलासाठी त्याच्या आप्तांस मुंबईची वाट धरावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरास सर्किट खंडपीठ बसू लागले आणि सांगली, साताऱ्यासह सहा जिल्ह्यांचे हे हेलपाटे वाचले. याचा आम्हांस आनंद आहे. परंतु न्यायालय जवळ आले म्हणून न्याय लवकर मिळेलच असे नाही. आणि ज्या खटल्यांत लोकक्षोभ सर्वांत प्रखर, त्या दहशतवादाच्या खटल्यांतच विलंब सर्वांत घातक ठरतो.

'असल्या नराधमांस अपील कशाला?' असे सुजाण माणसेही विचारतात. त्यांनी पुण्याचा खटला पाहावा. 13 फेब्रुवारी 2010 रोजी जर्मन बेकरीत स्फोट होऊन 17 जीव गेले. 2013 साली सत्र न्यायालयाने एका आरोपीस फाशीची शिक्षा सांगितली. 2016 साली उच्च न्यायालयाने स्फोटाच्या कटाचा आरोप शाबीत मानला नाही. स्फोटक द्रव्य बाळगल्याचा दोष मात्र कायम ठेवून जन्मठेप दिली. यात न्यायाधीश नरमले काय? मुळीच नाही. जे सिद्ध झाले त्याची जबर शिक्षा राहिली, जे झाले नाही त्याची गेली. दहशती कृत्याच्या नुसत्या तयारीसही बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात किमान 5 वर्षे व कमाल जन्मठेप सांगितली आहे. जेथे न्यायाधीशाच्या विवेकास एवढा वाव, तेथे त्या विवेकाची दुसऱ्याने पारख करणे अवश्यच होय.

आता विलंबाचे फळ पाहा. 11 जुलै 2006 च्या मुंबईतील लोकल गाड्यांच्या स्फोटांबद्दल 2015 साली पाच जणांस फाशी व सातांस जन्मठेप झाली. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांस निर्दोष ठरविले. तत्पूर्वी त्यांतील एक तुरुंगातच वारला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून मानू नये, असे फर्माविले. सुटलेल्यांस मात्र परत तुरुंगात धाडले नाही. अंतिम निर्णय काहीही होवो, शिक्षेपासून अपिलाच्या निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली, ही गोष्ट कोणासही नाकारता येणार नाही. ते निर्दोष असतील, तर त्यांचे तारुण्य गेले. आणि खरे अपराधी कोण, हा मृतांच्या आप्तांचा प्रश्न एकोणीस वर्षांनी पुन्हा उघडाच राहिला.

राष्ट्रीय तपास संस्थेच्या 2008 च्या कायद्यात असे अपील दोन न्यायाधीशांनी ऐकावे आणि शक्यतो तीन महिन्यांत निकालात काढावे, असे म्हटले आहे. या 'शक्यतो'च्या आड सरकारने लपू नये. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भराव्यात, अशा अपिलांसाठी स्वतंत्र खंडपीठे नेमावीत, निर्धन आरोपीस पहिल्या दिवसापासून अनुभवी वकील द्यावा. शिक्षा कमी झाली असे वाटल्यास सरकारनेही वेळेवर अपील करावे. तो मार्ग कायद्याने त्यास खुला आहे.

दहशतवाद्यास कायदा नको असतो. आपणांस तो हवा असतो. हा भेद आपण संतापाच्या भरात पुसून टाकला, तर त्याचे अर्धे काम आपणच केले असे होईल.