दोष जलपर्णीचा की आपला?

उन्हाळा आला की पुणे परिसरात एक वार्षिक नाटक सुरू होते. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, डासांचा उच्छाद होतो, नागरिक ओरडतात, निविदा निघतात, यंत्रे पाण्यात उतरतात. उरलीसुरली जलपर्णी पावसाळ्यातला पूर वाहून नेतो. पुढल्या वर्षी पुन्हा तोच प्रयोग, तेच नेपथ्य! या नाटकातील खलनायकाची भूमिका आपण एका मुक्या वनस्पतीला देऊन मोकळे झालो आहोत. ती भूमिका खरोखर तिची आहे काय?

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळट फुलांवर भाळून माणसानेच तिला देशोदेशी नेले. अनुकूल पाण्यात ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. पण 'अनुकूल' पाणी म्हणजे कोणते? ज्यात नत्र आणि स्फुरद भरपूर, ते. आणि हा खुराक तिला पुरवतो कोण? प्रक्रिया न करता सोडलेले आपले सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते. एका हाताने जेवू घालायचे आणि दुसऱ्या हाताने झोडपायचे, असा हा आपला न्याय आहे.

खरा बळी जातो तो पाण्याच्या आत, नजरेआड वाढणाऱ्या वनस्पतींचा. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात. माशांची पिल्ले त्यांच्या आडोशाला वाढतात. वर जलपर्णीचे छत आले की त्यांचा उजेड बंद होतो. त्या मरतात, कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपवतात. मग मासे तडफडतात. कारखान्यांच्या पाण्यातील क्रोमियम, कॅडमियम हे धातू तर वनस्पतींच्या हरितद्रव्यावरच घाला घालतात. प्लॅस्टिकही मागे नाही. पिशव्या तळाशी बसून गाळ झाकतात. प्लॅस्टिकचे बारीक कण प्रयोगशाळेत डकवीड या इवल्या पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटले, तेव्हा मुळांची वाढ खुंटलेली आढळली.

मग जलपर्णी काढू नये काय? जरूर काढावी. परंतु काढून काठावरच टाकली, तर ती कुजून तिच्यातले नत्र-स्फुरद पुन्हा नदीतच जाते. शिवाय ती मुळांत विषारी धातू साठवते. म्हणून औद्योगिक भागातील जलपर्णीचे खत तपासल्याविना शेतात घालणे धोक्याचे. आणि सांडपाणी थांबले नाही, तर हा सारा खर्च पाण्यात!

कायदे नाहीत असे नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. महाराष्ट्रातील प्लॅस्टिकबंदी २०१८ ची. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि ती मागणाऱ्या जनमताची.

"हा विषय विज्ञान शाखेचा," असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. पण पाण्याचे पृथक्करण विज्ञान करील. सांडपाण्याचा पैसा कुठे गेला, हे विचारणे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणाऱ्यांचे काम नव्हे काय? इंद्रायणीने तुकोबांची गाथा तारली, असे आपण श्रद्धेने सांगतो. आज त्या इंद्रायणीलाच तारण्याची वेळ आली आहे. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात "जलपर्णी केव्हा काढणार?" एवढेच विचारून थांबू नका. "नदीत सांडपाणी सोडणे केव्हा थांबवणार?" हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.