दोष कानातल्या मॉनिटरचा नाही, जोडणीचा

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांतली हळद असो की शहरातला नवरात्राचा ऑर्केस्ट्रा, छोट्या मिक्सरवर काम करणाऱ्या साउंडवाल्याने इन-इअर मॉनिटरचा, म्हणजे गायक-वादकाला मंचावरचा आवाज कानातच ऐकवणाऱ्या इअरफोनचा, विषय काढला की तीन मते ठरलेली असतात. एक म्हणते, स्पीकर थेट कानात घातला तर कान जाणारच. दुसरे म्हणते, हे मोठ्या बँडचे काम, आठ-दहा चॅनलच्या मिक्सरला झेपणार नाही. तिसरे म्हणते, कानात घातले की कान आपोआप वाचतात.

तिन्ही मते चुकीची आहेत.

कानाची हानी ठरते ती पडद्यावर पोचणारा आवाज किती आणि किती वेळ, यावर; स्पीकर किती लांब आहे, यावर नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा 85 डेसिबलला 8 तास अशी आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 94 ला 1 तास, 100 ला जेमतेम 15 मिनिटे. ज्याचा दिवस यंत्रमागाच्या खडखडाटात जातो, त्याची बरीचशी मर्यादा रात्री गायला उभे राहण्याआधीच संपलेली असते.

गायकाच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरला ढोलकी आणि कीबोर्डच्या वर चढावे लागते. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी 1911 मध्येच दाखवले होते. नीट बसलेले इअरफोन बाहेरचा आवाज 20 डेसिबल किंवा त्याहूनही अधिक अडवतात, म्हणून आत कमी आवाजही पुरतो. व्हॅन हॅलन बँडचे साउंड इंजिनिअर जेरी हार्वे यांनी 1995 मध्ये ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलन यांच्यासाठी खास इअरफोन घडवले, ते मंचावरच्या अशाच गदारोळात नीट ऐकू यावे म्हणून.

पण नुसते कानात घातल्याने कोणी वाचत नाही. माइक पडला, फँटम पॉवर चालू असताना केबल उपटली किंवा माइकने शिट्टी मारली, तर तो धक्का सरळ पडद्यावर आदळतो. आवाजाला ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा लिमिटर हवा तो यासाठी. एक कान उघडा ठेवण्याची सवयही घातक: गोंगाट आत शिरतो आणि बंद कानातला आवाज वाढवला जातो. प्रेक्षक ऐकू यावेत म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला एक माइक मिक्समध्ये हलकाच सोडावा.

हे सारे छोट्या मिक्सरवर जमते. मॉनिटरला वेगळा मिक्स पाठवणारा ऑक्स प्री-फेडर हवा, म्हणजे समोरचा फेडर हलला तरी गायकाच्या कानातली पातळी हलत नाही. ऑक्सचे आउटपुट लाइन पातळीचे असते. त्यात इअरफोन थेट न खुपसता मध्ये हेडफोन अ‍ॅम्प घ्यावा. बेहरिंगरच्या एक्सआर18 सारख्या डिजिटल मिक्सरमध्ये 6 ऑक्स मिळतात आणि प्रत्येकावर लिमिटर लावता येतो. अ‍ॅनालॉग मिक्सर असेल तर वेगळा लिमिटर, किंवा लिमिटर असलेला वायरलेस रिसीव्हर घ्यावा. तोच लिमिटर एका इअरफोनला पुरेल आणि जास्त संवेदनशील इअरफोनला अपुरा पडेल. म्हणून अ‍ॅम्पच्या नॉबवर कमाल खूण करून ठेवावी. मोबाइलचे ब्लूटूथ इअरफोन इथे चालत नाहीत, त्यांत आवाज उशिरा पोचतो आणि ताल सुटतो.

क्रमही पक्का असावा. आधी मिक्सर, मग अ‍ॅम्प सुरू करावा. आवाज शून्यावर आणून इअरफोन कानात घालावेत आणि गाता गाता आवाज हळूहळू वाढवावा. बंद करताना इअरफोन सर्वांत आधी काढावेत. वायरचे इअरफोन गायकाला मिक्सरच्या विजेशी जोडतात. म्हणून मांडवात जनरेटर असो वा नेहमीची लाइन, अर्थिंग तपासलेले हवे आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अर्थची पिन तोडलेला प्लग मंचावर येऊच देऊ नये.

आयोजकांनी पाहुण्यांच्या सत्कारातून अर्धा तास काढून तो साउंड चेकला द्यावा. आणि गायक-वादकांनी इअरफोन कानात घालण्याआधी साउंडवाल्याला न संकोचता विचारावे: लिमिटर चालू आहे ना?