रात्रीचं रक्त, दिवसाची गोळी
हत्तीरोगासाठी रक्त तपासायला आरोग्य कर्मचारी रात्री, जेवणं उरकल्यावर दारात येतात, तेव्हा भंडाऱ्याकडची माणसं वैतागतात. पण या रोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्लं दिवसभर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि नेमकी क्युलेक्स डास चावायच्या वेळेला अंगभर फिरू लागतात. दुपारी बोटाला टोचून हाती काय लागणार? वर्षानुवर्षं आपल्याकडे डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोनच गोळ्या वाटल्या जात. २०१८ साली पापुआ न्यू गिनीतला अभ्यास प्रसिद्ध झाला : जोडीला आयव्हरमेक्टिन दिलं, तर एकाच मात्रेनंतर तीन वर्षांनीही ९६ टक्के रुग्णांच्या रक्तात पिल्लं सापडली नाहीत. (हे औषध मुळात जपानच्या मातीतल्या एका जिवाणूची देणगी, त्यावर २०१५चं नोबेल मिळालं.) महाराष्ट्रात ही तिहेरी मात्रा २०१९मध्ये नागपूर जिल्ह्यापासून सुरू झाली. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या किती, हे उंचीवर ठरतं, म्हणून आशाताई आधी माणसाला पट्टीपाशी उभं करते. घोडं अडतं ते पुढे. गोळीनंतर एखाद्याला ताप येतो, डोकं ठणकतं, आणि ‘औषध बाधलं’ अशी गावभर बोंब होते. खरं तर तो त्रास बहुतेकदा मरणाऱ्या कृमींमुळे होतो, म्हणजे औषध लागू पडलेलं असतं. समोरच गोळी गिळायला लावली म्हणून रागावणाऱ्या शिकल्यासवरल्यांचं मात्र मला नवल वाटतं. ‘जेवल्यावर घेतो’ म्हणत पुडी खिशात सारणारे बहुधा तेच असतात.