पाण्याचा पडदा: मजुरी आपली, नफा दुसऱ्याचा का?

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात गणवेशाचे आणि पडद्यांचे कापड पुरवण्याच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. अलीकडे तिथल्या एका हॉटेलमालकाने पडद्याच्या कापडाचा भाव विचारला आणि लगेच म्हणाले, राहू द्या, दर्शनी भागात आता पाण्याचा पडदा करायचा आहे. ज्याला रेन कर्टन म्हणतात तो. शहरातून आलेले अंदाजपत्रक त्यांनी आमच्यापुढे ठेवले. त्यात पाईप, पंप, टाकी व दिवे यांची किंमत एकीकडे आणि ‘डिझाइन व देखरेख’ या नावाची रक्कम दुसरीकडे. दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी. प्रत्यक्ष काम कोण करणार, असे विचारले तर वेल्डर, प्लंबर आणि फरशीवाला, तिघेही आपल्यातलेच, रोजंदारीवर.

हे काम आपल्या कारागिरांनी उक्ते घ्यावे, आणि स्वतःच्या नावाने घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना या भागात सुरू झाला. कारखाने वाढले तशी त्यांच्यामागे हॉटेले, मंगल कार्यालये, शोरूम आली. सजावटीवर खर्च करणारे गिऱ्हाईक दारात आहे, आणि आपण त्याच्याकडे फक्त रोज मागायला जातो.

यात अवघड असे काय आहे ते पाहू. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हा पडदा म्हणजे नुसता ताणा, बाणा नाहीच. वर एक नळी किंवा पन्हळ, तिला खालून सारख्या अंतरावर भोके. प्रत्येक भोकातून नायलॉनची बारीक तार खाली ताणून बांधलेली, आणि तारेला धरून पाण्याचे थेंब उतरतात. तार नसेल तर धारा एकमेकींना चिकटतात, वाऱ्याने उडतात आणि गिऱ्हाइकाच्या पाहुण्यांचे कपडे भिजतात. मागावर फणी जसे धागे जागच्या जागी ठेवते, तसेच काम ही भोके करतात. फणीचा दात चुकला की कापडात पट्टा दिसतो. इथेही तसेच, एक भोक तुंबले तर पडद्याला खिडकी पडते.

हिशेबही सोपा आहे. पडदा दोन मीटर रुंद, दर दोन सेंटीमीटरला एक भोक, म्हणजे शंभर धारा. भोक दीड मिलिमीटरचे आणि पन्हळीत दहा सेंटीमीटर पाणी उभे असेल तर एका धारेतून मिनिटाला साधारण नव्वद मिलिलिटर पाणी पडते. शंभर धारांचे झाले नऊ लिटर. तेच पाणी खालच्या टाकीतून पंपाने पुन्हा वर जाते. त्याला मोठा पंप लागतच नाही. अंदाजपत्रकात मोठा पंप दिसला तर तो कोणाच्या फायद्याचा, हे वेगळे सांगायला नको. कसब आहे ते पन्हळ पाणसळीत बसवण्यात. एक टोक थोडे खाली गेले की त्या बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला ठणठणाट. पाणसळ आपल्या गवंड्याला आणि फरशीवाल्याला कोणी शिकवायची गरज आहे काय?

हा हुन्नर विलायतेतून आला असेही समजू नये. दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहजहानच्या काळी सावन आणि भादों नावाचे दोन मंडप बांधले गेले. त्यांत पाणी पडद्यासारखे पडे आणि मागच्या कोनाड्यांत रात्री दिवे लावले जात. मोगल बागांत अशा पडणाऱ्या पाण्याला चादर म्हणत. आम्हा कापडवाल्यांना हा शब्द विशेष आवडतो. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की पाहावी. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले आणि तिथून हौदात पाडले. त्याच पाण्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. हौदाखाली दालन आहे, ते उन्हाळ्यात गार राहते. मलिक अंबरने त्या शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर आणली, तीही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीत चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. गोदामे गेली, वर्कशॉप गेली. पत्रा, पाईप आणि वेल्डिंगचे हात अजूनही आहेत, त्यांना मोठी शेड लागणार नाही असे काम हवे आहे. पाण्याचा पडदा हे असे काम आहे. पन्हळ छोट्या गाळ्यात तयार होते, बाकी सगळे जागेवर.

पाण्याबद्दल मात्र आम्ही गप्प बसणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीशेजारी टँकरच्या पाण्याचा पडदा चालवणे आम्हाला पटत नाही. कारागिरानेच गिऱ्हाइकाला छपराचे पावसाचे पाणी साठवायला सांगावे. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होते, आणि पडद्याला बाष्पाने व शिंतोड्यांनी उडते तेवढेच भरावे लागते. यात कारागिराचाही फायदा आहे. बोअरच्या जड पाण्याने भोकांत क्षार बसतात, पावसाच्या पाण्याने ते कमी बसतात. जो गिऱ्हाईक ऐकणार नाही, त्याला उन्हाळ्यात पडदा बंद ठेवण्याची अट घालावी.

काम घेताना कोटेशन लेखी द्यावे, तोंडी नको. त्यात तीन गोष्टी वेगळ्या दाखवाव्यात: सामान, बसवण्याची मजुरी, आणि वर्षाची देखभाल. देखभालीतच खरी कमाई आहे, कारण भोके साफ करणे, गाळणी धुणे, सैल झालेली तार ताणणे, टाकीत डास होऊ न देणे ही दर महिन्याची कामे आहेत. पाणी आणि वीज शेजारी असल्याने अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय काम सोडू नये, दिवे बारा व्होल्टचेच घ्यावेत. मोकळ्या, वाऱ्याच्या जागी पडदा मागितला तर सरळ नाही म्हणावे. निम्मी रक्कम कामाआधी घ्यावी. उधारीवर माल उचलून दुसऱ्याचे दार सजवायचे आणि मग सहा महिने चकरा मारायच्या, हा प्रकार कापडाच्या धंद्यात आम्ही भरपूर पाहिला आहे.